फिंगरस्टाइल गिटारसाठी नखं कशी ठेवायची? बागेत, स्वयंपाकघरात राबणाऱ्या हातांना हे जमतं का?

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दिंडोरी तालुक्यात बागेत राबणाऱ्या हातांची नखं शाबूत राहणं अवघड असतं. छाटणीनंतर डोळ्यांना पेस्ट लावायची, मग फेलफुटी काढायच्या, शेंडे खुडायचे, घडांची विरळणी करायची, जीएच्या द्रावणात घड बुडवायचे. माल निघेपर्यंत हात सतत ओले, चिकट, नाहीतर मातीत. कॉलेजांची गॅदरिंगही याच दिवसांत येतात.

अशा घरातलं एखादं पोर मोबाइलवर बघून फिंगरस्टाइल गिटार शिकत असेल, तर त्याची अडचण व्हिडिओतल्या परदेशी मास्तरच्या गावीही नसते. मास्तर सांगतो, उजव्या हाताची नखं वाढवा. घरचे विचारतात, एकाच हाताची नखं वाढवून हे काय चाललंय?

थोडक्यात उत्तर असं, की गिटारसाठी लागणारं नख फार लांब नसतं. बोटाच्या टोकापुढे एक ते दोन मिलिमीटर एवढंच. आवाज ठरतो तो लांबीपेक्षा नखाची कड कशी घासली आहे यावर. आणि ते घासायला लागणारं सामान हार्डवेअरच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मिळतं. सविस्तर पाहू.

नखं लागतातच कशाला?

फिंगरस्टाइल म्हणजे पिक न वापरता बोटांनी तारा छेडून वाजवणं. अंगठा जाड तारांवर खालचे सूर सांभाळतो, बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. एकटा माणूस दोन-तीन वाद्यांचा भास निर्माण करतो, तो असा.

बोटांना इथे स्पॅनिश आद्याक्षरांनी ओळखतात. पी म्हणजे पुल्गार, अंगठा. आय म्हणजे इंदिसे, तर्जनी. एम म्हणजे मेदियो, मधलं बोट. ए म्हणजे अनुलार, अंगठीचं बोट. आपल्याकडेही ते ‘अ’वरूनच, अनामिका. करंगळी बहुतेक वादक वापरत नाहीत, त्यामुळे तिचं नख वाढवायची गरज नाही. पुष्कळ नवशिके तेच सगळ्यात लांब ठेवतात, तो भाग वेगळा.

तार बोटाच्या मांसल टोकाने सोडली तर आवाज मऊ, गोल येतो. मांस रुंद आणि लवचिक असतं, त्यामुळे तारेचे वरचे, बारीक स्वरांश दबतात. नख अरुंद आणि कडक असतं. त्यावरून तार सुटली की हे स्वरांश शिल्लक राहतात, आवाज उजळ आणि लांबवर जाणारा होतो. नुसत्या नखाने वाजवलं तर मात्र आवाज पातळ, टोचणारा येतो. म्हणून आज बहुतेक क्लासिकल वादक दोन्ही वापरतात. तार आधी मांसाला टेकते, तिथून नखाच्या कडेवर सरकते आणि कडेवरून सुटते. हा सगळा प्रवास क्षणाच्याही छोट्या भागात होतो.

डाव्या हाताचं गणित साधं आहे. त्या बोटांनी तारा दाबायच्या असतात, म्हणून तिथली नखं अगदी बारीक कापलेली हवीत. डावखुरे वादक गिटार उलटी धरत असतील तर हेही उलटं.

नख की मांस, हा वाद जुना आहे

यूट्यूबच्या कॉमेंटमध्ये यावरून भांडणं होतात, पण भांडण दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये दोन स्पॅनिश गिटारवादक होते, फर्नांदो सोर आणि दिओनिसियो अग्वादो. सोर बिननखाचे, अग्वादो नखवाले. सोर यांना नखाचा आवाज आवडत नसे, पण अग्वादोंचं वादन त्यांनी त्याला अपवाद मानलं. दोघे मित्र होते आणि एकत्र वाजवतही.

पुढे फ्रान्सिस्को तारेगा यांनी आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत नखं सोडून दिली. त्यांचे शिष्य एमिलिओ पुजोल यांनी याच पेचावर एक पुस्तिका लिहिली. मग आंद्रेस सेगोविया (१८९३–१९८७) आले. नख आणि मांस दोन्ही वापरून ते मोठ्या सभागृहांत एकटे वाजवायचे आणि पारडं नखांकडे झुकलं. तारा हेही एक कारण होतं. पूर्वीच्या तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या तारा आल्या. त्या गुळगुळीत होत्या, नख त्यांवर सहज सरकायचं.

हा प्रश्न फक्त गिटारचा नाही. महाराष्ट्रातच पनवेलजवळ पळस्पे इथे रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांचं ध्रुपद गुरुकुल आहे. रुद्रवीणा परंपरेने बोटांत तारेची नखी, म्हणजे मिजराब, घालून वाजवतात. डागरांनी मोठे भोपळे आणि जाड तारा लावून वीणेत बदल केले आणि नखी काढून टाकली. त्यांना हवा असलेला खोल, मऊ नाद नखीशिवाय निघत होता.

मराठीत मिजराबला ‘नखी’ म्हणतात हेही इथे लक्षात घेण्यासारखं आहे. गोव्यात फाडो गायनाची परंपरा आहे. फोंड्याच्या सोनिया शिरसाट यांच्यामुळे ती अलीकडे पुष्कळांना माहीत झाली. तिच्या साथीला वाजणाऱ्या पोर्तुगीज गिटारच्या तारा धातूच्या असतात. त्या छेडायला वादक बोटांवर कृत्रिम नख चढवतात, त्याला पोर्तुगीजमध्ये ‘उन्या’ म्हणतात. अर्थ, नख. दोन दूरच्या भाषांनी एकाच वस्तूला एकच नाव दिलंय.

नखांचा संबंध डाव्या हाताशीही असू शकतो. अनेक सरोदवादक डाव्या हाताच्या नखांच्या कडेने तारा दाबतात. सारंगीत नखाच्या मुळाशी असलेला भाग तारेला लागतो. गिटार शिकणाऱ्याला घरी ‘हे काय नवीन’ असं ऐकावं लागत असेल, तर सांगायला एवढी उदाहरणं पुरेत.

किती वाढवायची?

तळहात डोळ्यांसमोर धरा, बोटं वर. मांसल टोकाच्या वर नखाची जी रेघ दिसते ती एक ते दीड मिलिमीटर असेल तर सुरुवातीला पुरे. अंगठ्याला थोडं जास्त, दोन ते तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, कारण अंगठा तारेला आडवा लागतो.

यापेक्षा लांब नख तारेत अडकतं, वेग कमी करतं आणि तुटतं. लांब नखाची बोटं दिसतात गिटारवादकाची, पण वाजवताना त्रासच देतात.

हाताची नखं महिन्याला सरासरी तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतात. दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर. मधल्या बोटाचं जरा वेगाने, अंगठ्याचं आणि करंगळीचं जरा हळू. थंडीत वाढ मंदावते, आणि दिंडोरी-निफाड पट्ट्यातली थंडी सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे मांसापर्यंत तुटलेलं नख दीड-दोन मिलिमीटर यायला पंधरा ते वीस दिवस धरावेत. मुळापासून गेलेलं नख पूर्ण यायला सहा महिने लागू शकतात. गॅदरिंग किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडनसारख्या संस्थेची ग्रेड परीक्षा असेल तर तारखेपासून उलटं मोजा आणि शेवटचे तीन आठवडे त्या हाताला जपा.

आकार कसा द्यायचा?

इथे एकच साचा सगळ्यांना लागू पडत नाही. नखं जन्मतः वेगवेगळी असतात. काहींची सपाट, काहींची कमानीसारखी, काहींची टोकाला खाली वाकलेली, तर काहींची वर उचललेली. एकाच हातावर दोन प्रकार असतात, हेही नेहमीचं.

मूळ कल्पना मात्र एकच. कड म्हणजे तारेसाठी बांधलेला उतार. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांच्या नखांत अंगठ्याकडची बाजू तारेला आधी लागते. म्हणून त्या बाजूला नख कमी, आणि तिथून पलीकडच्या बाजूला हळूहळू चढत जाणारी जवळजवळ सरळ रेषा ठेवायची. सगळ्यात उंच जागा मध्याच्या थोडी पलीकडे, आणि तिथून कोपरा गोल. पार्लरमध्ये करतात तसा बदामी किंवा टोकदार आकार इथे कामाचा नाही. टोकावर तार थांबते, मग अचानक सुटते आणि ‘टक्’ असा आवाज येतो.

नख कमानीसारखं असेल तर उतार थोडा सपाट करा, नाहीतर तार मधल्या उंचवट्यावर अडते. खाली वाकणारं नख शक्य तितकं आखूड ठेवा. वर उचललेल्या नखाला लांबी अजिबात मानवत नाही, ते मांसाच्या रेषेबरोबरच ठेवून पाहा. अंगठ्याचा उतार मात्र उलट्या बाजूने येतो. गिटार मांडीवर घ्या, अंगठा सहाव्या तारेवर टेकवा आणि नखाचा कोणता भाग तारेला लागतोय ते बघा. तोच भाग घासायचा.

एक सोपी युक्ती अनेक शिक्षक शिकवतात. वाजवताना हात जसा असतो तसाच ठेवायचा आणि नेल फाइल तारेच्या जागी, तारेच्याच दिशेने धरून नखाखालून हलकेच फिरवायची. तार ज्या वाटेने जाते त्याच वाटेने कड घासली जाते, त्यामुळे कोन आपोआप बरोबर बसतो. दोन-तीन वेळा फिरवून थांबा, गिटारवर वाजवून ऐका, मग पुन्हा. एका बैठकीत ‘परफेक्ट’ आकार करायला गेलं की नख संपतं.

नेलकटर शक्यतो वापरू नका. तो नखाला दोन्ही बाजूंनी दाबून चिमटतो, त्यात थर सुटतात. नख म्हणजे केराटिनचे एकावर एक दाबलेले थर असतात, लाकडाच्या प्लायसारखे. प्लाय कातरीने कापल्यावर कड जशी फुटते तसंच इथे होतं.

वॉटर पेपर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं

आकार झाला की काम निम्मं झालं. नेल फाइलने घासलेली कड डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण तारेला ती करवतीसारखी लागते. ‘खर्रर्’ असा जो आवाज येतो तो बहुतेक वेळा गिटारचा दोष नसतो.

यासाठी गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे वापरतात तो वॉटर पेपर घ्या. काळा किंवा करडा, पाण्यातही फाटत नाही. दिंडोरीच्या बाजारात गिटारचं सामान मिळेलच असं नाही, त्यासाठी २५ किलोमीटरवरचं नाशिक गाठावं लागेल. वॉटर पेपर मात्र हार्डवेअर किंवा रंगाच्या दुकानात मिळतो. त्याच्या मागे नंबर छापलेला असतो. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. ६०० ने सुरुवात, मग १०००, शेवटी १५०० किंवा २०००. तीन कागदांचे बोटभर रुंद तुकडे कापून गिटारच्या पिशवीत ठेवले तर वर्षभर पुरतात. घासताना नख कोरडं हवं. पाण्यात फुगलेलं नख मऊ होतं आणि थर सुटतात.

वरची बाजू चमकवायची गरज नाही. तार लागते ती कडेच्या खालच्या बाजूला, म्हणून कागद दुमडून तिथे फिरवा. तपासायचं कसं? कड जुन्या ओढणीवरून किंवा रेशमी कापडावरून ओढा. धागा अडकला तर काम बाकी आहे.

हे रोज एक मिनिट करायचं. आठवड्यातून एकदा अर्धा तास घालवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

गिटार स्टीलच्या तारांची असेल तर?

वरचं बरंचसं ज्ञान क्लासिकल गिटारच्या, म्हणजे नायलॉन तारांच्या अनुभवातून आलंय. आपल्याकडे पहिली गिटार म्हणून बहुतेक घरांत येते ती स्टीलच्या तारांची अकूस्टिक. स्टील नखाला कानशीसारखं खातं. जाड तारांवर तर वेटोळं गुंडाळलेलं असतं, ती खरोखर छोटी कानसच.

म्हणून स्टील तारांवर वाजवणाऱ्यांनी नख आणखी आखूड ठेवावं आणि मांसाचा वापर वाढवावा. बारीक गेजच्या तारा लावल्या तर झीज कमी होते. अंगठ्यासाठी थंबपिक हा चांगला पर्याय आहे. चेट अ‍ॅटकिन्स आणि टॉमी इमॅन्युएल यांच्यासारखे दिग्गज थंबपिक वापरूनच वाजवत आले. मार्क नॉफ्लर तर बिननखाच्या बोटांनी वाजवतात आणि त्यांचा आवाज दोन सुरांत ओळखू येतो. ज्यांची नखं कामात टिकतच नाहीत त्यांच्यासाठी हा रस्ता दुय्यम मानायचं काही कारण नाही.

उजव्या हाताने जेवणाऱ्यांचं काय?

परदेशी पुस्तकांत हा मुद्दा सापडत नाही. ज्या हाताची नखं जपायची त्याच हाताने आपण वरणभात कालवतो, भाकरी थापतो, भांडी घासतो आणि बागेत शेंडा खुडतो.

जेवण आणि स्वयंपाक यांत मुद्दा स्वच्छतेचा आहे. दीड मिलिमीटर नखाखालीही मळ साचतो. जेवणाआधी साबण आणि जुना मऊ टूथब्रश नखाखालून फिरवायची सवय लावली तर घरातली निम्मी कुरकूर थांबते. हळदीने नखं पिवळी पडतात त्याची चिंता नको. हळदीतला रंग उन्हात आपोआप फिका होतो. लिंबू चोळून तो घालवायचा प्रयत्न केला तर नखं कोरडी पडतात.

पाणी हा मोठा शत्रू आहे. नख पाणी शोषतं, फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसातून दहा वेळा असं झालं की टोकाला पापुद्रे सुटतात. भांडी, धुणं, गोठा या कामांना रबरी हातमोजे घाला. आत पातळ सुती मोजे घातले तर घामाने नखं भिजत नाहीत. रात्री झोपताना नखांच्या मुळाशी आणि कडेखाली खोबरेल तेलाचा एक थेंब चोळा. वाजवायच्या आधी मात्र तेल नको. ते तारांवर उतरतं आणि तारा लवकर निस्तेज होतात.

बागेतल्या कामांत थोडी हातांची अदलाबदल करता येते. फेलफुटी काढणं, शेंडा खुडणं ही कामं अंगठा आणि तर्जनीच्या नखांनी चिमटून केली जातात, आणि तीच दोन नखं गिटारला सगळ्यात जास्त लागतात. हे काम डाव्या हाताने करायची सवय एका हंगामात लागू शकते. डाव्या हाताची नखं तशीही कापायचीच असतात, म्हणून सुरुवातीला जड जाईल. शेंड्यांसाठी विरळणीची छोटी कात्री वापरणं त्याहून सोपं.

हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावताना हातमोजे घालायचे ते नखांसाठी नव्हे. हे रसायन त्वचेला भाजतं, आणि त्या दिवसांत दारू प्यायल्यास शरीरावर तीव्र प्रतिक्रिया उमटते. गिटारचा विषय निघालाच आहे म्हणून घरातल्या मोठ्यांनाही हे सांगायला हरकत नाही.

नख तुटलं तर?

कडेला छोटी चीर असेल तर ती वॉटर पेपरने तिथेच संपवा. चीर पुढे जाऊन मांसापर्यंत पोहोचली की घासून भागत नाही.

चीर खोल असेल आणि नख अजून जागेवर असेल, तर वादक एक जुना उपाय करतात. चहाच्या डिप पिशवीचा कागद नखाएवढा कापायचा, नखावर ठेवायचा, त्यावर नखांसाठी मिळणाऱ्या गोंदाचा थेंब. वाळला की कागदाने गुळगुळीत करायचं. हा गोंद आणि फेव्हिक्विक एकाच जातीतले, सायनोअ‍ॅक्रिलेट. बरेच जण सरळ फेव्हिक्विकच लावतात. दोन्हींच्या बाबतीत दोन गोष्टी पाळाच. जखम असेल, रक्त असेल तर गोंद लावायचा नाही. आणि कापसाने पुसायचं नाही, कारण हा गोंद कापसाला लागला की इतका तापतो की चटका बसतो.

नख पूर्ण गेलं असेल आणि कार्यक्रम परवावर आला असेल, तर कॉस्मेटिक्सच्या दुकानातली चिकटवायची प्लॅस्टिकची नखं आकाराला घासून लावतात. क्लासिकल वादकांत पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून नखाखाली चिकटवायचीही पद्धत आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण चेंडूची वक्रता नखाच्या जवळ जाणारी असते आणि आवाज बरा येतो. चेंडू सेल्युलॉइडचा असेल तर पटकन पेटतो, त्यामुळे अशा नखाने गॅसजवळ जाऊ नका.

काढताना ओढायचं नाही. अ‍ॅसिटोनमध्ये बोट थोडा वेळ बुडवून गोंद सैल होऊ द्या. ओढून काढलं की खऱ्या नखाचा वरचा थर सोबत येतो आणि पुढचे काही महिने ते नख पातळच राहतं. अ‍ॅसिटोनही ज्वलनशील आहे.

पार्लरमध्ये जाऊन जेल किंवा अ‍ॅक्रिलिक करून घ्यावं का?

स्टील तारांवर वाजवणारे अनेक व्यावसायिक वादक तीन-चार बोटांना अ‍ॅक्रिलिक लावून घेतात. आवाज दणदणीत येतो, नख झिजत नाही. पण दर दोन-तीन आठवड्यांनी भरणी करावी लागते, आणि तालुक्याच्या गावातून त्यासाठी नाशिकला जाणं, पैसे घालणं आलं. नवशिक्याला याची गरज नाही.

आरोग्याचा मुद्दाही आहे. या पदार्थांतल्या अ‍ॅक्रिलेट रसायनांची काहींना अ‍ॅलर्जी होते. ती एकदा जडली की सहसा कायमची, आणि दातांच्या फिलिंगमध्येही याच कुळातली रसायनं असल्याने पुढे तिथेही त्रास होऊ शकतो. धोका वाढतो तो ओलं जेल त्वचेला लागल्यावर, म्हणून ऑनलाइन किट मागवून घरी प्रयोग करणं जास्त जोखमीचं. स्वस्त अ‍ॅक्रिलिकमध्ये कधीकधी मिथाइल मेथाक्रिलेट असतं. अमेरिकेत यावर १९७० च्या दशकातच कारवाई झाली. ते इतकं घट्ट बसतं की आघात झाला तर खालचं नखच उखडतं.

बायोटिनच्या गोळ्यांचा उपयोग होतो का?

इन्स्टाग्रामवर ‘हेअर अँड नेल’ गोळ्यांच्या जाहिराती भरपूर आहेत. ठिसूळ नखांवर बायोटिनचा थोडा फायदा दाखवणारे अभ्यास झालेत, पण ते अगदी लहान आहेत. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, आणि ते अंडी, शेंगदाणे अशा नेहमीच्या खाण्यातून मिळतं. अनेक गोळ्यांत त्याच्या शेकडो पट मात्रा असते.

याचा एक तोटा फारसा सांगितला जात नाही. जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी होणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा.

नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियमची कमतरता, हा समजही खरा नाही. बहुतेक वेळा तो नखाला लागलेल्या छोट्या माराचा डाग असतो. चमच्यासारखी खोलगट झालेली नखं मात्र लोहाच्या कमतरतेची खूण असू शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. मुलीची नखं सतत तुटत असतील आणि दमही लागत असेल, तर महागड्या गोळ्यांआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

नख जाड, पिवळट, भुसभुशीत होत असेल तर बुरशी असू शकते. मुळाशी सूज, लाली, पू असेल तर जंतुसंसर्ग. नखावर नवी काळपट उभी रेघ उमटली आणि रुंदावत चालली, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. या तिन्हींत वरून गोंद किंवा नेलपॉलिश लावून वाजवत राहणं ही सगळ्यात वाईट कल्पना.

नर्सिंगला असणाऱ्यांना गिटार सोडावी लागते का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हस्तस्वच्छता मार्गदर्शिकेत रुग्णांना हात लावणाऱ्यांसाठी खऱ्या नखांची टोकं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगितलं आहे. गिटारचं दीड-दोन मिलिमीटर नख त्यात बसतं. कृत्रिम नखांना मात्र तिथे मनाई आहे, म्हणजे अ‍ॅक्रिलिक, जेल, चिकटवलेलं प्लॅस्टिक सगळं बाद. अनेक रुग्णालयांचे आणि कॉलेजांचे नियम याहून कडक असतात, त्यांच्यापुढे इलाज नाही.

तिथे मग मांसाने वाजवणं, नाहीतर वाजवायच्या वेळी बोटांत घालून नंतर काढून ठेवायच्या नख्या. अशा फिंगरपिक धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या मिळतात. काहींची रचना अशी असते की त्या खऱ्या नखाच्या खाली सरकून बसतात आणि मांसाचा स्पर्श कायम राहतो. सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. सुरुवातीला त्या बोटातून उडून पडतात, म्हणून एकाच्या जागी दोन संच घेतलेले बरे.